क्ष-किरणांची साक्ष

खेड्यातला मनुष्य मोठ्या इस्पितळातून घरी परतला, की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "फोटो काढला का?" हा फोटो चेहऱ्याचा नसतो, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. परंतु शास्त्रीयदृष्ट्या पाहिले तर तो फोटोही नव्हे. ती एक सावली होय. दिव्यापुढे हात धरला म्हणजे भिंतीवर हाताची सावली पडते, तशीच. फरक एवढाच, की ह्या अदृश्य दिव्याचा प्रकाश मांसातून बऱ्याच अंशी आरपार जातो, हाडाशी अडखळतो आणि धातूपाशी जवळजवळ थांबतो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन ह्या शास्त्रज्ञाला हे किरण प्रथम आढळले. त्यांचे स्वरूप अज्ञात म्हणून त्याने त्यांना अज्ञात राशीचे अक्षर दिले. मराठीत तेच 'क्ष' झाले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे करड्या रंगात आणि बोटातली अंगठी ठसठशीत उमटली होती. हाड आणि धातू ह्यांची जोडी अशी पहिल्या काही चित्रांतच एकत्र आली.

आज हीच जोडी रोज हजारो छायाचित्रांत दिसते, कारण शस्त्रक्रियेने धातूचा सांधा बसविलेली माणसे आता गावोगावी आहेत. त्यांतही खुब्याचा सांधा बदलल्यानंतर काढलेले छायाचित्र हे मोठे बोलके असते. मात्र ह्या साक्षीदाराची एक रीत आहे. तो खोटे बोलत नाही, पण विचारल्यावाचून फारसे सांगत नाही, आणि एकट्याने उभा केला तर अर्धेच सांगतो. त्याची साक्ष कशी घ्यावी, आणि ती घेण्यात रुग्णाचा स्वतःचा वाटा किती मोठा आहे, हे समजून घेणे रायपूरसारख्या ठिकाणी विशेष अगत्याचे आहे.

रायपूरच का, ह्याला कारण आहे. मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे शहर छत्तीसगडची राजधानी झाले ते १ नोव्हेंबर २००० रोजी. पण औषधोपचारासाठी येथे येण्याची लोकांची वहिवाट त्याहून जुनी आहे. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था २०१२ पासूनची. महासमुंद, धमतरी, बस्तर येथून, पलीकडे ओडिशातून आणि अलीकडे आपल्या गोंदियाकडूनही रुग्ण येथे येतात. भोसल्यांच्या अमदानीपासून ह्या मुलखात मराठी घराणी वसली आहेत. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत आजही मराठी कानावर पडते. येथल्या अस्थिरोग विभागाच्या बाकांवर बसलेल्या मंडळींकडे पाहिले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. खुबा झिजणे हा म्हातारपणाचा आजार, अशी सामान्य समजूत. येथे मात्र काठी टेकीत येणाऱ्यांत पंचविशी-तिशीचे तरुणही असतात.

ह्या तरुणांपैकी पुष्कळांच्या दुखण्याचे मूळ हाडात नसून रक्तात असते. सिकल सेल हा आनुवंशिक आजार छत्तीसगडात आणि त्याला लागून असलेल्या विदर्भात मोठ्या प्रमाणावर आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक ह्या डॉक्टराने १९१० मध्ये ह्या आजाराच्या पेशींचे प्रथम वर्णन केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो प्रथम आढळला. रायपुरात ह्या एकाच आजारासाठी स्वतंत्र संस्था आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ह्यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळावे. ह्या आजारात रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो वाटोळा गोळा असतो, त्याला रक्त पोहोचविणाऱ्या वाहिन्या मुळातच थोड्या. त्या तुंबल्या म्हणजे गोळ्याचे हाड उपासमारीने मरते. प्रथम ते आकार धरून राहते. पुढे शरीराच्या भाराने आतून कोसळते, चपटे होते, आणि चालणे असह्य होऊन बसते. मग सांधा बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

सत्तरीच्या गृहस्थाला बसविलेला सांधा दहापंधरा वर्षे टिकला तर पुष्कळांची गरज भागते. अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला त्याच सांध्यावर आणखी तीस-चाळीस वर्षे शेतात, दुकानात, कारखान्यात उभे राहावयाचे असते. त्याच्या आयुष्यात तो सांधा एकदा तरी पुन्हा बदलावा लागण्याचा संभव पुष्कळ. आणि दुसरी शस्त्रक्रिया सोपी जाईल की अवघड, हे बहुतांशी एकाच गोष्टीवर अवलंबून असते: पहिला सांधा बिघडत चालल्याचे किती लवकर कळले ह्यावर. ते लवकर कळविण्याचे काम ही सावली करते.

प्रथम आत काय बसविलेले असते ते पाहू. खुबा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात एक खोलगट उखळी असते आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात फिरतो. शस्त्रक्रियेत हा गोळा कापून काढतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवितात, त्याच्या टोकावर धातूचा किंवा चिनी मातीच्या जातीच्या कठीण पदार्थाचा नवा गोळा चढवितात. उखळीत एक वाटी बसवितात व तिला बहुधा पॉलिएथिलीन ह्या प्लॅस्टिकचे अस्तर असते. दांडा आणि वाटी कधी सिमेंटने पक्की करतात, कधी त्यांच्या खरबरीत पृष्ठभागावर हाडच वाढून त्यांना धरून ठेवते.

ह्या शस्त्रक्रियेला आजचे रूप देणारा पुरुष म्हणजे इंग्लंडातील राइटिंग्टन रुग्णालयाचा शल्यविशारद जॉन चार्नली. १९६२ च्या नोव्हेंबरात त्याने पॉलिएथिलीनची वाटी वापरण्यास आरंभ केला. परंतु तत्पूर्वी काही वर्षे तो टेफ्लॉन ह्या गुळगुळीत पदार्थाच्या वाट्या वापरीत असे. रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले होते, पहिली छायाचित्रे निर्दोष होती, आणि सारे समाधानात होते. दोनतीन वर्षांनी त्याच रुग्णांची नवी छायाचित्रे जुन्यांच्या शेजारी ठेवली, तेव्हा धातूचा गोळा वाटीत वर सरकत चाललेला दिसू लागला. टेफ्लॉन झिजत होते, आणि झिजलेल्या कणांनी भोवतालचे शरीर प्रक्षुब्ध होत होते. चार्नलीने त्या वाट्या काढून टाकण्याचे कष्टाचे काम पत्करले. इतकेच नव्हे, तर टेफ्लॉनचे तुकडे स्वतःच्या मांडीत बसवून घेऊन त्यांचा परिणाम अनुभवला. पहिले छायाचित्र चांगले असणे आणि सांधा चांगला असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या प्रकरणाने वैद्यकाला दिला.

आता शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेल्या त्या पहिल्या छायाचित्राकडे वळू. रुग्णाच्या नातेवाइकांना त्यात काळ्या पार्श्वभूमीवर एक चमकदार खिळा दिसतो आणि ते हबकतात. डॉक्टर त्यात क्रमाने चार प्रश्नांची उत्तरे शोधीत असतो.

पहिला प्रश्न गोळा उखळीत आहे ना, हा. तो निखळला असेल तर ते पाहताक्षणी कळते. दुसरा प्रश्न वाटीच्या कलाचा. वाटी फार उभी बसली तर गोळा तिच्या कडेवर घासतो व निखळण्याचे भय राहते. फार आडवी बसली तर मांडी वळविताना दांडा तिला अडखळतो. आडव्या रेषेशी सुमारे चाळीस अंशांचा कल, त्यात दहा अंश इकडे किंवा तिकडे, ही मर्यादा १९७८ मध्ये लेविनेक व त्याच्या सहकाऱ्यांनी सुचविली. ती पाळूनही काही सांधे निखळतात आणि ती ओलांडूनही काही सुखाने चालतात, असे पुढे दिसून आले; तरी पाहणाऱ्याच्या मनात ते माप अद्यापि असतेच. तिसरा प्रश्न दांडा हाडाच्या पोकळीत सरळ आहे की एका बाजूला कलला आहे, आणि तो ठोकताना हाडाला कोठे बारीक चीर गेली आहे काय, हा. त्यासाठी दांड्याचे टोक आणि त्याखालचे थोडे हाड चित्रात आलेच पाहिजे. जे चित्र टोकाच्या वरच तुटते ते अपुरे समजावे.

चौथा प्रश्न पायांच्या लांबीचा. चित्रात दोन्ही खुब्यांच्या आतील अंगास अश्रूच्या थेंबासारखी एक एक आकृती उमटते. त्या दोन थेंबांच्या तळांना जोडणारी रेषा काढावयाची आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या अंगास असलेला लहान उंचवटा त्या रेषेपासून दोन्हीकडे किती अंतरावर आहे ते मोजावयाचे. दोहोंतील फरक तोच पायांतील फरक. सेंटिमीटरभराचा फरक कित्येकांना जाणवतही नाही.

मापे घेताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. सावली मूळ वस्तूहून मोठी पडते. दिवा, वस्तू आणि भिंत ह्यांच्या अंतरावर तिचा आकार ठरतो. खुब्याच्या चित्रातही हा मोठेपणा असतो, आणि लठ्ठ माणसात तो वाढतो. मग खरे माप कसे काढावयाचे? त्याची फूटपट्टी चित्रातच असते. बसविलेल्या गोळ्याचा व्यास शस्त्रक्रियेच्या कागदात लिहिलेला असतो: अठ्ठावीस, बत्तीस किंवा छत्तीस मिलिमीटर. तो चित्रात किती भरतो हे पाहिले, की बाकीच्या मापांचा हिशेब सुटतो. शस्त्रक्रियेचा कागद हरवला, की ही फूटपट्टी हरवली.

खरी परीक्षा येथून पुढे सुरू होते. सरकारी कचेरीत एखादा कागद एकटाच टेबलावर आला, तर अनुभवी कारकून त्यावर काही शेरा लिहीत नाही. तो म्हणतो, "मागील कागद जोडून सादर करावे." मागील पत्रव्यवहार समोर असला म्हणजे चालू पत्रातील एखाद्या साध्या वाक्याचाही अर्थ उलगडतो. खुब्याच्या छायाचित्राचे तंतोतंत असेच आहे. पाच वर्षांनंतरच्या चित्रात हाड आणि सिमेंट ह्यांच्यामध्ये एक काळसर बारीक रेषा दिसली. हिचा अर्थ काय? पहिल्या वर्षाच्या चित्रातही ती तेवढीच असेल, दोन मिलिमीटरांहून अरुंद असेल आणि तिच्या कडेला हाडाची पांढरी किनार असेल, तर ती बहुधा निरुपद्रवी. पहिल्या चित्रात ती नव्हती, दुसऱ्यात उगवली, तिसऱ्यात रुंदावली आणि वाटीभोवती पसरत गेली, तर सांधा सैल होत आहे असे समजावे. रेषा तीच, पण मागील कागदाशिवाय तिचा अर्थ लागत नाही. ही तुलना नेमकेपणाने करता यावी म्हणून चार्नली आणि डीली ह्यांनी १९७६ मध्ये उखळीभोवतालच्या जागेचे तीन विभाग पाडले, आणि १९७९ मध्ये ग्रूएन व त्याच्या सहकाऱ्यांनी दांड्याभोवतालचे सात. जमिनीच्या नकाशात गट क्रमांक असावेत तसे हे विभाग. अमुक विभागात रेषा आहे असे लिहिले, की दुसऱ्या गावचा डॉक्टरही बरोबर त्याच जागी बोट ठेवतो.

दांड्याचेही असेच. सिमेंटविना बसविलेला दांडा पहिल्या काही महिन्यांत एखाददुसरा मिलिमीटर खाली बसला आणि मग स्थिरावला, तर त्यात वावगे काही नाही. नवे घरही पहिल्या पावसाळ्यात थोडे बसतेच. पण दर चित्रात तो आणखी खाली गेलेला दिसला, तर हाडाने त्याला धरलेले नाही हे उघड होते.

आणि सर्वांत नाजूक गोष्ट झिजेची. पॉलिएथिलीनचे अस्तर क्ष-किरणांना जवळजवळ पारदर्शक असते. चित्रात ते दिसत नाही. दिसते ती गोळा आणि वाटी ह्यांच्यामधली काळी फट. ही फट वर व खाली सारखी असेल तर अस्तर शाबूत आहे. वरची फट अरुंद आणि खालची रुंद होत गेली, तर गोळा अस्तरात रुतत चालला आहे. जुन्या पद्धतीच्या अस्तराची झीज साधारणतः वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे दहा वर्षांत एक मिलिमीटर. नव्या प्रकारच्या अस्तरांत ती त्याहून पुष्कळच कमी. एका वर्षाची झीज नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. पहिले आणि दहावे चित्र शेजारी ठेवले तर दिसेल. एवढ्याशा झिजेची चिंता करण्याचे कारण असे, की झिजलेले सूक्ष्म कण शरीरातील भक्षक पेशी गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि त्या गडबडीत भोवतालचे हाड विरघळू लागते. वाळवी लागलेल्या तुळईसारखी स्थिती होते. वरून सारे ठीक, आत पोकळी. आणि ह्या काळात दुखत काहीच नाही.

येथेच रुग्णाची आणि डॉक्टरची गाठ सुटते. तात्यापाऱ्यातील एखाद्या आजीबाई नातवाबरोबर तपासणीला आल्या आहेत असे समजा. त्या म्हणतात, "अहो डॉक्टर, माझा पाय काही दुखत नाही. देवाच्या दयेने तीन जिने चढते. मग फोटो कशाला काढायचा? उगीच पैसे जायचे." ह्यावर डॉक्टरचे उत्तर असते, "आजी, दुखायच्या आधीच तो काढायचा असतो. दुखू लागल्यावर काढला, तर त्यात फक्त झालेले नुकसान दिसेल." आजीबाईंचा युक्तिवाद अडाणीपणाचा नाही, दुखल्याशिवाय वैद्याकडे जाऊ नये हे आपल्याकडचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. पण शरीरात बसविलेल्या धातूला मज्जातंतू नसतात. त्याच्या वतीने बोलणारी ही सावलीच. पहिले चित्र शस्त्रक्रियेनंतर, दुसरे काही आठवड्यांनी, मग वर्षाने, आणि पुढे दुखो वा न दुखो काही वर्षांच्या अंतराने, असा क्रम सामान्यतः असतो. नेमक्या तारखा ज्याचा त्याचा डॉक्टर ठरवील. किरणांच्या भयाने कोणी मागे राहू नये. अशा एका चित्राने अंगात जाणारा किरणांचा अंश हा निसर्गतः काही महिन्यांत माती, आकाश आणि अन्न ह्यांतून मिळणाऱ्या अंशाएवढाच असतो.

भय उत्पन्न होण्याचे दुसरे ठिकाण म्हणजे छायाचित्राबरोबर मिळणारा लेखी अहवाल. इंग्रजीत टंकलिखित केलेला तो कागद घरातील कॉलेजात जाणारा मुलगा वाचतो, त्यातील एकेक शब्द दूरध्वनीवर शोधतो, आणि रात्री घरात चूल पेटत नाही. अहवालात लिहिलेल्या कित्येक गोष्टी नुसत्या नोंदी असतात. सांध्याभोवतीच्या स्नायूंत ढगांसारखी नवी हाडे तयार झालेली दिसतात. ब्रुकर ह्याने १९७३ मध्ये त्यांच्या चार पायऱ्या सांगितल्या, व पहिल्या दोन पायऱ्यांत रुग्णाला बहुधा त्रास होत नाही. दांड्याच्या वरच्या भागाभोवतालचे हाड विरळ झालेले दिसते, कारण भार आता धातू वाहतो आणि रिकामे हाड कारखान्यातून कमी केलेल्या कामगारासारखे ओसरते. दांड्याच्या टोकाखाली हाडाची पाटी तयार झालेली दिसते. ह्या खुणा डॉक्टर पाहतो, लिहितो आणि इतर लक्षणांशी ताडून पाहतो. एकट्या खुणेवरून तो निकाल देत नाही. मग घरच्यांनी तरी का द्यावा?

उलटपक्षी, ज्याचे भय वाटावे असे काही ह्या सावलीत मुळीच उमटत नाही. सांध्यात जंतूंचा शिरकाव झाला, तर प्रारंभीचे छायाचित्र अगदी स्वच्छ असू शकते. अशा वेळी ताप, जखमेतून येणारा स्राव, न थांबणारी वेदना आणि रक्ताची तपासणी ह्यांचीच साक्ष मोलाची; जरूर तर सुईने सांध्यातले पाणी काढून पाहावे लागते. सिकल सेलच्या रुग्णांत जंतुसंसर्गाचा धोका अधिक म्हणून तेथे हे विशेष लक्षात ठेवावे लागते. शिवाय ह्या रुग्णांना त्यांच्या मूळ आजाराच्या कळा येतच असतात. मांडीतली नवी कळ ही रक्ताची, जंतूंची, सैल झालेल्या दांड्याची, की आता दुसऱ्या बाजूचा खुबा बिघडू लागल्याची, हे एका चित्रावरून ठरविणे धाडसाचे होय. म्हणूनच अनुभवी डॉक्टर एकाच खुब्याचे चित्र न काढविता दोन्ही एका चित्रात घेतो. बसविलेला सांधा पाहता पाहता त्याची नजर शेजारच्या, अजून न बदललेल्या गोळ्यावरही फिरते, कारण ह्या आजारात दुसरी बाजूही पुष्कळदा त्याच वाटेने जाते.

सावलीच्या मर्यादेचे मोठे उदाहरण ह्या शतकातच घडले. डीप्यू ह्या कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये 'एएसआर' नावाचे खुब्याचे सांधे जगभरातून परत मागविले. ह्यांत गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची होती. घर्षणाने कोबाल्ट व क्रोमियम ह्यांचे अतिसूक्ष्म कण सुटत, आणि भोवतालचे स्नायू व ऊती ह्यांना इजा होई. पाच वर्षांच्या आत सुमारे आठांत एक सांधा पुन्हा काढावा लागत असल्याचे इंग्लंड-वेल्सच्या सांधे नोंदवहीने दाखवून दिले होते. कित्येकांची क्ष-किरण छायाचित्रे दिसावयास ठीक होती. दोष रक्तातील धातूच्या प्रमाणावरून आणि विशेष प्रकारच्या चुंबकीय तपासणीवरून कळला. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ह्या प्रकरणी पोलिसांत तक्रार नोंदविली, आणि पुढे केंद्र सरकारने २०१७ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. समितीपुढे जी सर्वांत मोठी अडचण उभी राहिली ती वैद्यकीय नव्हती. ज्यांच्या शरीरात हे सांधे बसविले होते, त्यांपैकी बहुसंख्यांचा पत्ताच लागत नव्हता. कोणाला कोणता सांधा बसविला ह्याची नोंद त्या रुग्णांपर्यंत पोहोचू शकेल अशा रीतीने कोठेही राहिली नव्हती.

स्वीडनने १९७९ पासून खुब्याच्या प्रत्येक कृत्रिम सांध्याची राष्ट्रीय नोंद ठेवली आहे. आपल्याकडे शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे. सर्वांची सक्तीची नोंद होईल तो सुदिन. तोपर्यंत मात्र ह्या देशात रुग्णाची सर्वांत भरवशाची नोंदवही म्हणजे त्याच्या घरातील ट्रंक होय, आणि त्या ट्रंकेत काय ठेवावे व कसे ठेवावे हे प्रत्येक कुटुंबाला माहीत असावे.

पहिली वस्तू म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचे पहिले छायाचित्र. नंतरची दहा हरवली तरी चालतील, पण हे हरवू नये. सगळ्या तुलनेचा पाया तेच. दुसरी वस्तू शस्त्रक्रियेचा कागद, त्यावर चिकटविलेल्या बसविलेल्या भागांच्या चिठ्ठ्यांसह. त्या चिठ्ठीवर कंपनी, माप आणि क्रमांक असतो. उद्या तो सांधा परत मागविला गेला तर शोध त्याच क्रमांकाने लागेल, आणि परत मागविला गेला नाही तरी पुढच्या शल्यविशारदाला गोळ्याचे नेमके माप त्यावरूनच मिळेल. तिसरी वस्तू सर्व छायाचित्रांची तबकडी किंवा संगणकावरील प्रत. खिडकीच्या काचेला फिल्म लावून भ्रमणध्वनीने टिपलेला फोटो परगावच्या डॉक्टराला तातडीने दाखविण्यास उपयोगी पडतो, पण मिलिमीटरांचा हिशेब त्यावर होत नाही. चौथी गोष्ट ठेवण्याच्या जागेची. हल्लीच्या पुष्कळशा फिल्मा उष्णतेने छापलेल्या असतात आणि उष्णतेनेच काळवंडतात. रायपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना, पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या फिल्मेवरील हाड दोनचार उन्हाळ्यांत अंधारात बुडून जाते. ती कागदी पाकिटात, घरातील थंड कोपऱ्यात, उन्हापासून दूर असावी.

महासमुंदकडील एखादा तरुण आज रायपुरात नवा खुबा बसवून घेतो आणि आठवडाभराने कुबड्यांवर घरी जातो. त्याची आई ती मोठी पिवळी पिशवी भाताच्या कणगीमागे सारून ठेवते. बारा वर्षांनी, पाय कुरकुरत नसतानाही, तो तपासणीला येतो. ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते डॉक्टर कदाचित निवृत्त झालेले असतील. समोर नवा, तरुण डॉक्टर असेल. तो प्रकाशाच्या चौकटीवर आजचे चित्र लावील आणि विचारील, "पहिला फोटो आहे का?" पिशवी बरोबर असेल तर दोन सावल्या शेजारी शेजारी लागतील. गोळा अस्तरात किंचित वर सरकलेला दिसेल, उखळीच्या वर अंगठ्याच्या नखाएवढी पोकळी नुकतीच सुरू झालेली असेल. हाड अजून भरपूर शिल्लक असताना केवळ अस्तर बदलून काम भागेल, आणि पेरणीच्या आत तो पुन्हा शेतावर उभा राहील. पिशवी बरोबर नसेल तर डॉक्टर त्या एकट्या चित्राकडे बराच वेळ पाहील आणि म्हणेल, "वर्षभराने पुन्हा या, मग सांगता येईल." ते एक वर्ष त्या हाडाला परवडेल की नाही, हे मात्र त्या चित्रावरून त्यालाही सांगता येणार नाही.